अर्ल ग्रेमधला बर्गमॉट म्हणजे फुलझाड नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की अर्ल ग्रे चहात जो बर्गमॉट असतो तो बी बाम नावाच्या लाल फुलांच्या झाडाचा पाला, आणि तो कुंडीत लावून साध्या चहात उकळला की झाला अर्ल ग्रे. हे चुकीचं आहे. घोळ नावामुळे झालाय, बी बामला पण बर्गमॉट म्हणतात कारण वास थोडा तसाच येतो, पण ते उत्तर अमेरिकेतलं, पुदिन्याच्या कुळातलं झाड. चहातला बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचं फळ आहे, इटलीतल्या कालाब्रियात सगळ्यात जास्त होतं, आणि त्याच्या सालीचं तेल किंवा तसा फ्लेवर काळ्या चहाच्या पत्तीला लावतात.

आणि उकळायचा तर अजिबातच नाही! हे तेल उडून जाणारं असतं, पातेल्यात खळाखळा उकळलंत तर वास सगळा स्वयंपाकघरात आणि कपात उरतो नुसता कडवटपणा, मला तर असा चहा वाया गेलेला बघून खरंच वाईट वाटतं. एका कपाला साधारण 2 ग्रॅम पत्ती, वरून गरम पाणी, झाकण, 3-4 मिनिटं, आणि गाळून घ्या. झाकण काढल्या काढल्या नाक जवळ न्या, आधी सालीचा ताजा वास येतो आणि मग मागून हलकासा फुलासारखा. पहिला घोट दूध-साखरेशिवायच घ्या. नंतर दूध घातलं तरी चालतं, फक्त लिंबू आणि दूध एकत्र नको, फाटतं. डबा मात्र घट्ट बंद ठेवा.