बाण लागला की माणसाचा आवाज येतो

एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शिकार हा क्षत्रियाचा धर्म. दशरथ, पांडू, राम सगळे शिकारी होते. शिकार ही शौर्याची खूण, आणि जनावरांची कणव ही जैन-बौद्धांकडून उसनी घेतलेली, मूळची आपली नव्हेच. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा पुतण्याने खाली तलवारीचं चित्र टाकलं. त्याने या कथा पूर्ण ऐकलेल्या नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

राजे शिकार करत, हे खरंच आहे. वनवासाच्या वाटेवर वाल्मीकींचा राम सारथी सुमंत्राला म्हणतो, शरयूकाठच्या वनात पुन्हा कधी मृगयेला जाईन? ही राजर्षींना मान्य असलेली रमणूक, असंही तो म्हणतो. आणि मला तिची फार ओढ नाही, हेही. पण राजे करत म्हणून तो धर्म झाला, असं कसं? मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची दहा कामज, म्हणजे इच्छेतून उपजणारी, व्यसनं सांगितली आहेत. त्यांत पहिलंच नाव मृगयेचं. त्या दहांतली अतिशय वाईट म्हणून जी चार वेगळी काढली, त्यांतही मद्य आणि द्यूताच्या पंगतीला ती आहेच. कौटिल्य तिची बाजू घेतो, अंगाला व्यायाम होतो, हलत्या निशाणावर नेम बसतो म्हणतो. पण कोणतं व्यसन जास्त वाईट, या चर्चेत. जुगारापेक्षा शिकार बरी, एवढंच त्याचं म्हणणं.

आता शौर्य. दशरथाची गोष्ट आपण श्रावणबाळाची म्हणून ऐकतो आणि आईबापांच्या कावडीवर थांबतो. वाल्मीकींनी ती दशरथाच्याच तोंडी घातली आहे, राम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, मिट्ट काळोख. पाण्यात घडा बुडतानाचा आवाज येतो आणि शब्दवेधाचा, नुसत्या आवाजावर नेम धरण्याचा, अभिमान असलेल्या तरुण दशरथाला तो हत्तीचा वाटतो. तो न बघता बाण सोडतो. अंधारातून माणसाची किंकाळी येते. तो पोरगा विचारतो, मी कुणाचं काय बिघडवलं होतं? माझे आंधळे आईवडील तिकडे तहानेले बसलेत. नेम अचूक होता. शौर्य म्हणजे नेम असेल तर यापेक्षा मोठा शूर सापडणार नाही. आणि हे आठवत आठवतच दशरथाने त्या रात्री प्राण सोडला.

पांडूचं तसंच. त्याने हरणांच्या जोडीवर पाच बाण सोडले, आणि हरीण माणसासारखं बोलू लागलं. तो किंदम ऋषी होता. पांडू क्षत्रियांचा रिवाज पुढे करतो, अगस्त्य ऋषींनीही शिकार केल्याचा दाखला देतो. किंदम म्हणतो, हरीण मारलंस म्हणून मी तुला दोष देत नाही. पण समागम होईपर्यंत थांबायला हवं होतंस. म्हणजे रिवाज मान्य करूनही पांडूची शापातून सुटका होत नाही. रामायणाच्या आरंभीचा क्रौंचही जोडीत असतानाच पडला होता.

सुवर्णमृगाचा दाखला तर त्या मजकुराने देऊच नये. लक्ष्मणाने आधीच सावध केलं होतं, हा मारीच आहे. बाण लागल्यावर तो रामाच्या आवाजात ओरडतो, ‘हा सीते! हा लक्ष्मणा!’ त्या हाकेने लक्ष्मण झोपडीपासून दूर गेला आणि पुढचं सगळं घडलं.

शौर्याची व्याख्या अरण्यकांडात आहे. सीता रामाला बजावते की वैर नसताना हिंसा नको. विषय राक्षसांचा आहे, जनावरांचा नव्हे, हे मान्य. पण राम उत्तर देताना तिचेच शब्द तिला ऐकवतो: क्षत्रियाने धनुष्य धरायचं ते कुणाची आर्त हाक उठू नये म्हणून. आता शरयूवरची किंकाळी आठवा.

राहिली उसन्या कणवेची गोष्ट. महाशिवरात्रीला आजी आम्हाला व्याधाची कहाणी सांगायची. बेलाच्या झाडावर बसलेला उपाशी व्याध, खाली पिंड, आणि ‘पिलांना भेटून परत येते’ असं वचन देऊन खरोखर परत येणारी हरिणी. ‘ती येईल ना गं?’ हे आम्ही दरवर्षी विचारायचो. ही कहाणी घराघरात उपासाच्या दिवशी सांगतात. तिला उसनी कोण म्हणेल?

आणि महाभारताच्या वनपर्वात पांडव द्वैतवनात शिकारीवर जगत असतात. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात, थरथरत, कंठ दाटून आलेली. म्हणतात, तुमच्या भावांनी आमची कुळं थोडीच उरू दिली आहेत. आम्ही बियाण्यापुरते राहिलो आहोत. तुम्ही दुसरीकडे राहायला जा, म्हणजे आम्ही पुन्हा वाढू. युधिष्ठिर ‘तुम्ही म्हणता तसंच करतो’ म्हणतो. सकाळी उठून तो भावांना स्वप्न सांगतो, आणि भीम-अर्जुनासारखे वीर बरोबर असताना पांडव बाडबिस्तरा आवरून काम्यकवनाकडे निघतात.