अर्धा तास वाढला, एवढेच नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची घरी पाहण्यासाठी काढलेली वाढीव आवृत्ती, म्हणजे 'अल्टिमेट एडिशन', मूळ चित्रपटापेक्षा सरस आहे असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, "अर्धा तास भरताड घालून पडलेला चित्रपट उभा राहत नाही, कंपनीने तुमच्यासारख्या भक्तांना तीच वस्तू दुसऱ्यांदा विकली." 'मार्था'चा प्रसंग (दोघांच्या आयांचे नाव एकच निघाल्याने मारामारी थांबते तो) तसाच आहे, शेवटचा राक्षस डूम्सडे तसाच आहे आणि चित्रपटगृहात लागला तोच खरा चित्रपट, असेही आपण पुढे जोडले आहे.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. समोरच्याला आधी भक्त ठरवायचे आणि मग त्याचे म्हणणे न वाचताच निकाल द्यायचा, या पद्धतीबद्दल आहे. मार्च २०१६ मध्ये हा चित्रपट लागला तेव्हा त्यावर नाराजीचा लेख मी स्वतः लिहिला होता आणि तो आजही याच ठिकाणी वाचता येतो. तो शोधण्याचे कष्ट आपण घेतले असते, तर हा शब्द लिहिताना आपला हात थांबला असता. चर्चेत एवढी सभ्यता अपेक्षित असते.

आता 'भरताड'. चित्रपटगृहातली आवृत्ती १५१ मिनिटांची होती, वाढीव आवृत्ती सुमारे १८२ मिनिटांची आहे. या अर्ध्या तासात मारामारी फारशी वाढलेली नाही, वाढली आहेत ती कारणे. नैरोमी या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या वाळवंटातला प्रसंग आठवा. मूळ चित्रपटात भाडोत्री सैनिक गोळ्या झाडतात, आणि लगेच सिनेटमध्ये त्या मृत्यूंचा दोष सुपरमॅनवर येतो. ज्याच्या डोळ्यांतून आग निघते तो गोळ्या कशाला झाडील, हा साधा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. वाढीव आवृत्तीत तेच सैनिक प्रेतांवर आगीचे झोत सोडून ती जाळताना दिसतात आणि खलनायक लेक्स लुथरने रचलेला बनाव क्षणात उलगडतो. साक्ष देणारी कहिना झिरी मूळ चित्रपटात जबाब देऊन नाहीशी होते. इथे ती सुपरमॅनची चौकशी करणाऱ्या सिनेटर फिंचकडे परत येऊन आपल्याला खोटे बोलायला भाग पाडल्याचे सांगते आणि त्याची किंमत जिवाने मोजते. यालाच आपण भरताड म्हणता का?

क्लार्क केंटचेही, म्हणजे पत्रकाराच्या वेषातल्या सुपरमॅनचेही, तसेच. मूळ आवृत्तीत बॅटमॅनवरचा त्याचा राग संपादकाशी घातलेल्या वादापुरता राहतो, आणि दोन तासांनी तो गॉथम शहरातल्या या बॅटमॅनसमोर का उभा ठाकतो हे आपल्याला मानून घ्यावे लागते. वाढीव आवृत्तीत तो गॉथमच्या वस्त्यांत जातो, बॅटमॅनने वटवाघळाची डागणी दिलेल्या कैद्याच्या जोडीदारणीला भेटतो, भ्यालेल्या माणसांचे ऐकून घेतो. पत्रकार म्हणून काम करणारा क्लार्क या चित्रपटात मला प्रथम भेटला तो इथे.

मग कॅपिटॉलमधला, म्हणजे अमेरिकी संसद भवनातला, स्फोट. जो भिंतीपलीकडचे पाहतो त्याला शेजारच्या चाकाच्या खुर्चीतला बॉम्ब का दिसला नाही, असे चित्रपटगृहातून बाहेर पडताना अनेकांनी विचारले होते. खुर्चीत शिसे होते (शिशातून सुपरमॅनला आरपार दिसत नाही), हे शास्त्रज्ञ जेनेट क्लायबर्न पत्रकार लॉइस लेनला सांगते, आणि ते पात्रच मूळ चित्रपटातून कापले गेले होते. शिवाय स्फोटानंतर सुपरमॅन जखमी व्यक्तीला हातांवर उचलून बाहेर आणतो. तो क्षण काही सेकंदांचाच आहे. पण तो गाळल्यामुळे आगीत नुसता उभा राहून निघून गेलेला, माणसांविषयी उदासीन असा नायक प्रेक्षकांच्या मनात बसला, आणि पुढची कितीतरी टीका त्यावरच उभी राहिली.

कापाकापीने काय होते हे मला पुस्तकात वाचावे लागलेले नाही. मी तालुक्याच्या गावात वाढलो. तिथल्या थिएटरात रात्रीचा खेळ वेळेत संपावा म्हणून ऑपरेटर मधलेच एखादे रीळ गाळीत असे, आणि मध्यंतरानंतर अख्खी बाल्कनी एकमेकांना "ही बाई कोण?" म्हणून विचारी. पुढे शहरात तोच चित्रपट सलग पाहिला की कळायचे, दिग्दर्शकाने सगळे नीट सांगितले होते. त्यामुळे लांबी वाढणे आणि कथा पूर्ण होणे यांतला फरक मला आपण शिकवण्याची आवश्यकता नाही.

एक मान्य करतो. लुथर परग्रहावरच्या स्टेपनवुल्फ या खलनायकासमोर उभा असलेला प्रसंग या चित्रपटाला काही देत नाही. तो पुढच्या चित्रपटाची जाहिरात आहे आणि गाळला असता तरी चालले असते. 'मार्था' आणि डूम्सडे बदललेले नाहीत हे खरे, परंतु ते बदलले असा दावा मी कुठेही केलेला नाही. चित्रपटगृहातलीच प्रत खरी, या म्हणण्यावर शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. दिग्दर्शक झॅक स्नायडरचे कापले गेलेले साहित्य त्याच वर्षी त्याच्याच नावाने बाहेर आले आहे. डिस्कच्या किमतीविषयी आपण कंपनीला लिहावे.

आपण ही वाढीव आवृत्ती पाहिली आहे की नाही, याचा उल्लेख आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेत नाही. पाहिली असल्यास वर सांगितलेल्या दृश्यांपैकी कोणते अनावश्यक आहे आणि का, ते लिहा. त्याला मी अवश्य उत्तर देईन. पुन्हा 'भक्त' असेच लिहून आले, तर ती प्रतिक्रिया मी प्रकाशित करणार नाही.