जाळ्याचा शर्ट होतो, पण कोणत्या जाळ्याचा?

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: समुद्रातलं ४६ टक्के प्लास्टिक म्हणजे मासेमारीची टाकलेली जाळी, ती आता बाहेर काढतात, वितळवतात, त्यांच्या धाग्याचे शर्ट करतात, कितीही वेळा नवी करतात, म्हणजे प्रश्न मिटला. खाली कुणीतरी टाकलं, 'नागपूरकरांचा काय संबंध?'

४६ चा आकडा खोटा नाही, पत्ता चुकलाय. २०१८ च्या एका अभ्यासात तो हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्यामधल्या कचऱ्याच्या पट्ट्यापुरता दिला होता. तिथल्या तरंगत्या प्लास्टिकच्या वजनात निदान ४६ टक्के जाळी. साऱ्या समुद्रांचा तो हिशोब नव्हे.

'वितळवून' या शब्दात तर मोठी गफलत आहे. जाळं म्हणजे काही एकाच जातीचं प्लास्टिक नसतं. आपल्याकडे तलावांवर ढिवर लोक वापरतात ते तंगूसचं जाळं नायलॉनचं, त्याचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, ट्रॉलरची जाळी बरीचशी पॉलिथिनची. नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या काठावर सापडलेलं एक फाटकं जाळं घरी आणून मी त्याचे तुकडे बादलीत टाकले. (ओल्या बोटांनी नीट चोळून टाका, नाहीतर हवेचे बुडबुडे धरून सगळंच तरंगतं.) तंगूस तळाला गेला, दोर वर राहिला; पॉलिथिनही असंच तरंगतं. आता त्या पट्ट्यात वर काय तरंगत असेल, ते तुम्हीच सांगा.

'कितीही वेळा' हे खरं आहे ते 'नायलॉन ६' या नायलॉनच्या एका जातीबद्दल. इटलीची ॲक्वाफिल कंपनी २०११ पासून हे करते, आणि काम चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते नुसतं वितळवणं नाही. नायलॉन रसायनशास्त्राच्या वाटेनं फोडून त्यातून कॅप्रोलॅक्टम, म्हणजे ज्यापासून तो बनतो तो मूळ घटक, काढायचं, शुद्ध करायचं आणि त्यातून पुन्हा नायलॉन बांधायचं. असा धागा नव्याच्या तोडीचा निघतो. पॉलिथिनची जाळी मात्र खरोखरच वितळवतात, आणि उन्हानं खाल्लेला, भेसळीचा माल दर फेरीला कमजोर होत जातो.

राहिलं 'समुद्रातून काढून'. ॲक्वाफिलच्या कारखान्यात जुने गालिचे, कापडाच्या चिंध्या आणि मत्स्यशेतीतून आलेली वापरलेली जाळीही जातात. समुद्रतळातून ओढलेलं जाळं शिंपले, शेवाळ, वाळू आणि शिसं घेऊन येतं. हातानं निवडून, धुऊन काढल्याशिवाय ते कुठल्याच यंत्राला चालत नाही.

आणि नागपूरचा संबंध? नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. काठावरचं जाळं पुरात कुठं जातं, याला नकाशा पुरे.

बादलीतलं ते तंगूस धुऊन, वाळवून मी नाक्यावरच्या कबाड्याकडे नेलं. कडेच्या शिशाच्या गोळ्या त्यानं चिमट्यानं एकेक तोडल्या, काट्यावर टाकल्या, पैसे दिले. जाळं माझ्याकडे सरकवत म्हणाला, "हे कोन घेते भाऊ? घेऊन जा."