वळिवड्याचं उदाहरण देताय, तर पुरतं द्या

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परवा 'डोळे उघडा' असा एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच आणखी तीन ग्रुपांवर. म्हणणं असं: खरे निर्वासित शेजारच्या देशात थांबतात, युरोपपर्यंत जाणारे पैशासाठी जातात. कागद नसताना घुसतात म्हणजे गुन्हेगारच. हातात मोबाइल असतो. लेकरांना नावेत घालणारे आईबाप कसले? गेल्यावर फुकट खातात. आणि शेवटी, आपल्या वळिवड्यातले पोलिश बघा, शिस्तीत आले, युद्ध संपल्यावर गुमान आपल्या घरी गेले.

शेवटून सुरू करतो, कारण तिथं कोल्हापूरशेजारचं आपलं गाव ओढलंय.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. हिटलरनं रशियावर चाल केल्यावर त्यांची सुटका झाली, तीही नावापुरती. मिळेल त्या गाडीनं दक्षिणेकडं, मग जहाजातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण आणि तिथून हिंदुस्थान. वाटेत उपासमारीनं आणि टायफसनं किती गेले! यात शिस्त कुठं बघायची? शिस्त छावणीत आली, कारण इथं छप्पर, शाळा आणि दवाखाना मिळाला.

आणि 'घरी गेले' हे तर साफ चूक. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत युनियनच्या हद्दीत गेली होती. पोलंडला परतले ते थोडे. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. कोल्हापुरात महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ येताजाता सगळ्यांनी पाहिलाय. (छावणीचा खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं, हेही सांगायला हवं. आपण जागा दिली, माया दिली. तिजोरी रिकामी केली नाही.)

आता 'शेजारी थांबा'. हा नियम लावला तर ते पोलिश इराणातच थांबायला हवे होते, वळिवड्याला आलेच कशाला? बरं, आजही बहुतेक जण शेजारीच थांबतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या २०२४ अखेरच्या आकड्यांनुसार ६७ टक्के निर्वासित शेजारच्या देशांतच आहेत. लेबनॉनचं बघा. क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५. लेबनॉनची स्वतःची लोकसंख्या साधारण आपल्या जिल्ह्याएवढी. तिथं २०१४ साली नोंदणी झालेल्या सीरियन निर्वासितांचा आकडा दहा लाखांवर गेला. करवीरपासून चंदगडपर्यंत दर चार घरांमागं एक घर परक्यांचं, असं समजा. शाळा दोन पाळ्यांत भरवाव्या लागल्या. तिथून एखादं कुटुंब पुढं सरकलं तर ते हावरट?

कागदांचं म्हणाल तर निर्वासितांसाठीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं ३१ वं कलम वाचा. जीव धोक्यात असलेल्या ठिकाणाहून थेट आलेला माणूस विनापरवाना शिरला, पण लगेच अधिकाऱ्यांपुढं हजर झाला आणि योग्य कारण दिलं, तर त्याला त्या प्रवेशासाठी शिक्षा करता येत नाही. भारतानं या करारावर सही केलेली नाही, युरोपातल्या देशांनी केली आहे. आश्रय मागायचा तर साधारणपणे त्या देशाच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो आणि तेवढ्यासाठी व्हिसा कुणी देत नाही. अर्ज करणारा प्रत्येक जण खरा निर्वासित असतो असं मीही म्हणत नाही. मुलाखत आणि अपील असतं ते त्याचसाठी.

मोबाइल! २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून बाहेर काढली, तेव्हा त्यांच्या हातात काय होतं ते आठवा. पुढं बोलत नाही.

नावेचं मात्र बोलायला हवं. तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून ग्रीसच्या कोस बेटावर फेरीबोट जाते. पासपोर्ट-व्हिसावाला तिकीट काढून आरामात पोचतो. विमानातून जावं म्हणावं, तर व्हिसा नसलेला प्रवासी आणला म्हणून कंपनीला दंड होतो, त्यामुळं ती विमानात घेतच नाही. मग तेच अंतर दलालाला कित्येक पट पैसे मोजून रबरी नावेतून काटायचं. २०१५ च्या सप्टेंबरात त्याच किनाऱ्यावर वाळूत पालथा पडलेला सीरियन पोरगा सगळ्या जगानं पाहिला. त्याच्या बापाला पोराचा जीव कळत नव्हता असं ज्याला वाटतं, त्यानं मेसेज खुशाल पुढं पाठवावा.

राहिलं फुकट खाणं. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज केलेल्याला पहिलं वर्षभर सहसा कामाची परवानगीच मिळत नाही. हात बांधायचे आणि वर आळशी म्हणायचं.

पोलिश गेल्यावर त्याच वळिवड्याच्या बराकींत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं उतरली. कायद्यानं त्यांची गोष्ट वेगळी, ती याच देशाची झाली. पण आली होती हात हलवतच. आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो, आणि लग्नाचा बस्ता बांधायला निम्मा जिल्हा तिथं जातो. मेसेज टाकणारे आमचे दादाही मुलीच्या लग्नाचं कापड तिथूनच घेऊन आले. मी ग्रुपवर तेवढंच विचारलं. "ते वेगळं," म्हणाले. कसं वेगळं ते सांगणार होते. चार दिवस झाले.