सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

कैद्यांना तुरुंगात असतानाच व्यसनमुक्तीचे उपचार द्या, असं सांगणारा एक लेख वाचला; म्हणणं पटलं. पण सुटकेच्या दिवसाचं काय? इथे गोव्यात आमच्या वाड्यावरचा एक पोरगा सुटला तेव्हा मीच स्कूटर घेऊन आणायला गेलो होतो. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दोन शर्ट आणि कोर्टाचे कागद. औषधाची चिठ्ठी नाही की कुठे जायचं याचा पत्ता नाही. म्हापशाला चहा प्यायला थांबलो, तर नशेतला जुना दोस्त तिथे हजर!

हेरॉईनवाल्यांसाठी सुटल्यानंतरचे हेच दिवस सगळ्यांत घातक. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वासच थांबू शकतो. ब्युप्रेनॉर्फिन हे हेरॉईनची तलफ आवरणारं औषध आत सुरू करून बाहेरही खंड न पाडता चालू ठेवलं, तर धोका बराच कमी होतो. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहेच (आमच्याकडे त्याचं नाव घेतलं तरी लोक तोंड फिरवतात, ते वेगळं). सुटण्याआधीच तिथली तारीख हातात द्यायला काय हरकत आहे?

आणि १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ३९ बघा. थोड्याशा मालासाठी दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने उपचाराला पाठवू शकतं. या पोराच्या वकिलाने ते कधी काढलंच नाही.