थेंबभर औषध, घरभर गोंधळ

धूळ, चिलट, कांद्याचा झणका, काहीही आलं की मिटायचं, हे डोळ्याला जन्मापासून पाठ. त्याच डोळ्याला आपण म्हणतो, "जरा उघडा राहा, वरून काहीतरी पडणार आहे." तो ऐकेल तर शपथ!

पण पहिली लढाई बाटलीशी असते. झाकण काढलं, बाटली दाबली, थेंब नाही. आणखी दाबली, तरी नाही. मग घरातून कुणीतरी सेफ्टीपिन घेऊन येतं. माझी हात जोडून विनंती आहे, ती पिन परत पदराला लावा. बऱ्याच बाटल्यांच्या झाकणातच आतून एक टोकदार सुळका असतो. सीलची कडी काढून झाकण पुन्हा शेवटपर्यंत घट्ट पिळलं की तोटीला हवं तेवढंच भोक पडतं. पिनेच्या भोकातून थेंब नाही, धार येते. पिनेवरचे जंतू वर फुकट.

आता हात धुवा. मान मागे टाका आणि खालची पापणी बोटानं हलकेच ओढा. तिथे एक गुलाबी खिसा तयार होतो. थेंब त्या खिशात. थेट बुबुळावर नेम धरलात तर डोळा मिटणारच. बघायचं पंख्याकडे, बाटलीकडे नाही. हात थरथरत असेल तर मनगट कपाळावर टेकवा. तोटी मात्र पापणीला लागू देऊ नका, नाहीतर डोळ्यातली घाण बाटलीत जाते आणि पुढच्या वेळी व्याजासकट परत येते.

आणि एकच थेंब! "नीट पडला नाही वाटतं, अजून एक टाक" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलीटरचा, डोळ्यात मावतात जेमतेम 30. म्हणजे दुसरा थेंब गालाचा, तिसरा कॉलरचा. पहिला खरंच बाहेर पडला असेल तरच दुसरा.

थेंब पडल्यावर आपण फटाफट पापण्या मारतो, तिथेच चुकतं. त्या उघडझापेनं औषध नाकाकडच्या नळीत ढकललं जातं आणि घसा कडू होतो. डोळा शांतपणे मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा. इथे चेष्टा नको. काचबिंदूवरचं टिमोलॉल नावाचं औषध असं अंगात भिनलं तर दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर घरात रेल्वेचं टाइमटेबलच लागतं. दोन औषधांत किमान पाच मिनिटं हवीत, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. दुधाळ औषध आधी हलवून घ्यायचं, मलम सगळ्यात शेवटी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बहुतेक बाटल्या महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात. गेल्या वर्षी डोळे आले तेव्हाची फ्रिजच्या दारातली बाटली शेजाऱ्यांना देऊन पुण्य कमवू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो.

राहिली लहान मुलं. त्यांना आडवं करा, डोळे मिटू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि "उघड" म्हणा. औषध आपसूक आत घरंगळतं. ही युक्ती पन्नाशीच्या माणसांनाही चालते. फक्त ती माणसं "नातवासाठी विचारतोय" असं आधी सांगतात.