कैद्यांना पुस्तकं द्यायचीत? आधी हे वाचा

गेल्या रविवारी आमच्या जेलरोडच्या सोसायटीत नाशिकरोड कारागृहातल्या लोकांसाठी जुनी पुस्तकं गोळा केली. दोन गोण्या भरल्या, घरी आणून उघडल्या आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. तरी पुढच्या वेळी तुम्हाला सोपं जावं म्हणून चार टिपा देतो.

रद्दीवाला ज्याला हात लावत नाही ते सगळं द्या. २०११ चं बँक भरतीचं गाईड द्या, सगळे गोल पेन्सिलीने आधीच काळे केलेलं, म्हणजे कैद्याला त्रास नको. पोराची पाचवीची अर्धी भरलेली वर्कबुकं द्या, बाईंच्या लाल 'गुड'सकट. वजन कमी करायचं पुस्तक द्या, जेलच्या जेवणावर लोक फारच सुटलेत ना! आणि वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, हो, खरंच निघालं, ते देताना काका म्हणाले, "त्यांना काय हो, काहीही चालतं." काहीही चालतं? अहो, आत बसून माणसं मुक्त विद्यापीठाची बीए करतात, ते विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच नाशकात आहे, त्यांना अर्थशास्त्राचं पुस्तक हवंय आणि तुम्ही त्यांना कपडे किती मिनिटं पिळायचे ते शिकवताय!

ग्रुपवर लगेच टाका, "आमची पोरं लाखभर फी भरतात आणि यांना फुकट." एवढं स्वस्त वाटतंय तर पोराची अ‍ॅडमिशन तिथेच घ्या.

नापास झाला की म्हणा, अभ्यासच करायचा नसतो यांना. २०२२ च्या शेवटी देशभरातल्या तुरुंगांत शंभराच्या जागेत १३१ माणसं कोंबलेली होती आणि चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच नाही. पेपरच्या दिवशीच कोर्टाची तारीख लागली तर पेपर गेला, पण ते जाऊ द्या.

गॅदरिंगला साने गुरुजींवर भाषण करून रडा जरूर. फक्त 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली हे पोरांना सांगू नका.

आणि सुटून आलेल्या माणसाला काम द्यायचं नाही. आपल्याकडे वॉचमनच्या कामाला आला होता तो, आतून बीए केलेला. मधली सात वर्षं कुठे होतास विचारलं, त्याने खरं सांगितलं, कमिटीने चहा पाजून घालवला. खोटं बोलला असता तर आज गेटवर असता! मग कशाला म्हणता माणूस सुधारला पाहिजे? पुस्तक देताना हात आखडता, काम देताना दार लावता, लाजा नाही वाटत?

गोण्या पार्किंगमध्ये ठेवल्यात. रात्री आठच्या आत ज्याचं त्याने उचला. वॉशिंग मशीनवाले काका, तुम्ही आधी या.